मीटर टेप आणि आजोबांचं टिपण : जमिनीची अंतरं साखळी-आण्यात कशी काढायची

गावच्या जमिनीचे कागद पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मुंबईत नोकरी, कोकणात गावी वडिलोपार्जित कलमं, थोडी भाताची खाचरं आणि वर डोंगराला वरकस (उताराची हलकी जमीन), अशी आपल्याकडे हजारो घरं आहेत. मोठी माणसं गेली की कागदांची पिशवी आपल्याकडे येते. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, तो कसाबसा कळतो. मग भूमी अभिलेख कार्यालयातून टिपणाची, म्हणजे जुन्या मोजणीत तुकड्याची आकृती आणि मापं लिहून ठेवलेल्या कागदाची, नक्कल आणली की तिच्यावर वेगळेच आकडे दिसतात : ४-११, ६-४, २-२. हातात टेप मीटरची, कागद साखळीचा. दोघांची गाठ कशी घालायची ते पायरी-पायरीने सांगतो.

पायऱ्यांच्या आधी आमच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो, कारण मी हे शिकलो ते तिच्यामुळेच.

आमच्या काजूच्या तुकड्याची पूर्वेची बाजू म्हणजे चिऱ्याचा जुना गडगा, हद्दीचं दगडी कुंपण. पलीकडच्या घरातला मुलगा शहरात शिकलेला, हुशार. त्याने टिपणाची नक्कल आणली, मोबाईलवर हिशोब केला आणि माझ्या वडिलांना म्हणाला, “काका, तुमचा गडगा सहा मीटर आमच्यात आलाय.” कागदावर त्या बाजूला ४-११ होतं. त्याने ते ४.११ वाचलं, साखळीच्या लांबीने गुणलं, उत्तर आलं ४१.३४ मीटर. जागेवर टेप लावली तर ४७.३०. म्हणजे सहा मीटर जास्त! आम्हालाही उत्तर सुचेना, कारण आम्ही केलं तरी तेच येत होतं. तीन वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं. गणपतीत एकमेकांकडे आरतीला जाणं थांबलं. शेवटी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ सहज आले होते, त्यांनी कागदाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “अहो, हे अकरा आणे आहेत. आण्याचा दशांश कशाला करताय?”

सगळा वाद त्या एका टिंबाचा होता.

साखळी म्हणजे नेमकी किती

आपल्याकडच्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा सारखे भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक आणा. रुपयाचे सोळा आणे होते तसेच साखळीचेही सोळा. तेव्हाच्या माणसाला सोळाचा हिशोब तोंडपाठ होता, त्यामुळे यात अवघड असं काहीच नव्हतं. अवघड झालं ते १९५७ साली नवे पैसे आल्यावर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना.

मीटरमध्ये सांगायचं तर :

१ साखळी = ३३ फूट = १०.०५८४ मीटर
१ आणा = २ फूट पाऊण इंच = ०.६२८६५ मीटर, म्हणजे सुमारे ६३ सेंटीमीटर
४ आणे (पाव साखळी) = २.५१ मीटर
८ आणे (अर्धी साखळी) = ५.०३ मीटर
१२ आणे (पाऊण साखळी) = ७.५४ मीटर

हे पाच आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बाकी सगळं यातूनच निघतं.

३३ हा आकडा कुठून आला असं कुणालाही वाटेल. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० साली ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी वापरात आणली. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, ही तिची सोय. आपली ३३ फुटांची साखळी तिच्या बरोबर निम्मी. निम्मी केल्यामुळे गुंठ्याशी तिचं जे नातं जुळतं ते फार सुंदर आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. तूर्तास एवढंच लक्षात ठेवा की एखाद्या कागदावर ‘लिंक’ किंवा ‘कडी’ असा शब्द असेल आणि आकडे १६ च्या पुढे ९९ पर्यंत जात असतील, तर ती ६६ फुटी साखळी आहे. तिची एक कडी २०.१२ सेंटीमीटरची. आणे दिसले, किंवा दुसरा आकडा कुठेच १५ च्या वर गेला नसेल, तर बहुतेक आपली ३३ फुटी. एकाच कागदावरचे सगळे आकडे आधी डोळ्यांखालून घाला, एका आकड्यावरून ठरवू नका.

आधी मोजणं नीट हवं

मीटरचा आकडाच चुकलेला असेल तर पुढच्या गणिताला अर्थ नाही. आणि कोकणात आकडा चुकतो तो बहुतेक वेळा उतारामुळे.

टिपणावरचं अंतर हे सपाट, आडवं अंतर असतं. डोंगराच्या अंगावरून टेप सरळ खाली सोडली तर ती जास्तच लांबी दाखवणार. उतारावरून २० मीटर मोजले आणि तेवढ्यात तुम्ही ५ मीटर खाली उतरलात, तर आडवं अंतर १९.३६ मीटरच भरतं. ६४ सेंटीमीटरचा फरक, म्हणजे जवळजवळ बरोबर एक आणा. आमच्याकडे वरकसाचा उतार याहून कडक असतो, तेव्हा शंभर मीटरच्या बाजूला पाच-सहा आणे सहज गायब होतात आणि शेजारी चोर ठरतो.

म्हणून उतारावर पायऱ्यांनी मोजा. वरच्या माणसाने टेपचं टोक जमिनीला लावायचं, खालच्याने टेप छातीपर्यंत उचलून आडवी ताणायची आणि तिथून ओळंबा सोडायचा. ओळंबा टेकला तिथे खुंटी. मग त्या खुंटीपासून पुढची पायरी. पाच-पाच मीटरच्या पायऱ्या घ्या, दहाच्या घेऊ नका. लांब टेप मधे झोळ खाते. गवंड्याकडचा साधा ओळंबा पुरतो. नसेल तर दोरीला दगड बांधा, पण हाताच्या अंदाजाने खाली बघून खुंटी मारू नका.

वेळही नीट निवडा. चाकरमान्यांना सुट्टी असते गणपतीत, आणि त्या दिवसांत रान माजलेलं असतं. हद्दीचा दगड दोन हातांवर असला तरी दिसत नाही, पाय कुठे पडेल ते कळत नाही. शिमग्याला किंवा मे महिन्यात मोजा. गवत कापलेलं असतं, गडग्याचा पाया दिसतो, पऱ्या (पावसाळी ओढा) कोरडा असतो.

आणि कुठून कुठपर्यंत मोजलं ते लिहा. “गडगा ४७.३० मी.” एवढं पुरत नाही. “वरच्या कोपऱ्यातल्या चिऱ्याच्या मध्यापासून खालच्या हद्दीच्या दगडाच्या मध्यापर्यंत, गडग्याच्या आमच्या अंगाने” असं लिहा. गडगा दीड-दोन फूट जाड असतो. तुम्ही आतल्या कडेने मोजलं आणि जुन्या मोजणीदाराने मधून, तर तिथेच अर्धा आणा फरक पडतो.

मीटरचे साखळी-आणे करताना

रीत अशी :

मीटरच्या आकड्याला १०.०५८४ ने भागा. टिंबाच्या डावीकडचा आकडा म्हणजे पूर्ण साखळ्या. टिंबाच्या उजवीकडचा भाग तेवढा वेगळा घ्या आणि त्याला १६ ने गुणा. ते आणे.

आमच्या गडग्याचंच घेऊ. ४७.३० भागिले १०.०५८४ = ४.७०२५. पूर्ण साखळ्या ४. उरले ०.७०२५, त्याला १६ ने गुणलं तर ११.२४. म्हणजे ४ साखळ्या आणि सव्वाअकरा आण्यांपेक्षा किंचित कमी. टिपणात ४-११. फरक पाव आण्याचाही नाही, म्हणजे १५ सेंटीमीटर. चिऱ्याच्या गडग्याला, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी लोखंडी साखळीने मोजलेल्या बाजूला, १५ सेंटीमीटर म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रामाणिक काम झालं होतं याचा पुरावा. तो गडगा बांधणाऱ्या माणसांना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

उलट तपासणी करायची असेल तर कागदावरच्या साखळ्यांना १६ ने गुणा, आणे मिळवा, म्हणजे सगळे आणेच झाले. मग ०.६२८६५ ने गुणा. ४-११ चे झाले ७५ आणे. ७५ गुणिले ०.६२८६५ = ४७.१५ मीटर. मला ही उलटी रीत जास्त भरवशाची वाटते, कारण यात टिंबाला जागाच नाही. सगळं आण्यांत आणल्यावर ४.११ ची चूक होऊच शकत नाही.

तोंडी अंदाज हवा असेल तर एक जोडी पाठ करा : १०० मीटर म्हणजे ९ साखळ्या १५ आणे, जवळजवळ तंतोतंत. ५० मीटर म्हणजे ५ साखळ्यांना अर्धा आणा कमी. साखळी म्हणजे दहा मीटर असं धरून चालणारे बरेच भेटतील. ओट्यावर बसून बोलायला ते ठीक आहे. पण वीस साखळ्यांच्या बाजूला त्याने १ मीटर १७ सेंटीमीटर चुकतात, आणि तेवढ्यात माडांची एक अख्खी रांग इकडची तिकडे होते.

काही जुन्या कागदांवर पाव-अर्ध्यासाठी उभ्या रेघा सापडतील. आजोबांच्या पिढीला त्या सवयीच्या होत्या. आकड्यापुढे एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणजे ४॥। हे पावणेपाच. साखळीचं माप असेल तर पाव म्हणजे चार आणे, अर्धा म्हणजे आठ, पाऊण म्हणजे बारा. या रेघा शाईच्या डागासारख्या दिसतात आणि झेरॉक्समध्ये हमखास पुसट होतात. शंका आली तर मूळ नोंद पाहायला मागा.

टिपण वाचायचं कसं

टिपणावर तुमच्या तुकड्याची आकृती असते, पण ती प्रमाणात काढलेली असतेच असं नाही. आकृतीला पट्टी लावू नका. खरं काय ते आकडेच सांगतात.

तुकड्यातून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक लांब पायारेषा घेतलेली असते. त्या रेषेवर चालत जाताना प्रत्येक कोपरा जिथे काटकोनात येतो तिथे किती साखळ्या-आणे झाले ते लिहिलेलं असतं, आणि तिथून कोपऱ्यापर्यंतचं लंबाचं अंतर. काटकोन काढायला शंकू नावाचं साधन वापरत, म्हणून या सगळ्या पद्धतीला शंकू-साखळी मोजणी म्हणतात. तुम्हाला जागेवर काटकोन हवा असेल तर दोरीवर ३, ४ आणि ५ मीटरच्या खुणा करून त्रिकोण ताणा. तीन आणि चारच्या मधला कोन काटकोन.

आता ३३ फुटांची गंमत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे ३३ गुणिले ३३ = १,०८९ चौरस फूट. हाच गुंठा! साखळ्यांना साखळ्यांनी गुणलं की उत्तर आपोआप गुंठ्यांत येतं. चाळीस गुंठे झाले की एकर. कुठे फुटांत जायला नको, कुठे मीटरमध्ये जायला नको. म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो की टिपणावरचे आकडे मीटरमध्ये ओढून आणण्यापेक्षा तुमच्या मोजमापाचे मीटर साखळीत न्या. क्षेत्रफळ तिथेच काढा आणि शेवटी एकदाच बदला.

एक उदाहरण करून दाखवतो. पायारेषा ६ साखळ्या ४ आणे. तिच्या डावीकडच्या कोपऱ्याचा लंब १ साखळी ८ आणे, उजवीकडच्या कोपऱ्याचा २ साखळ्या २ आणे. चार कोपऱ्यांचा साधा तुकडा.

आणे साखळीच्या भागांत आणा, म्हणजे १६ ने भागा : ६.२५, १.५ आणि २.१२५. दोन्ही लंबांची बेरीज ३.६२५. ती पायारेषेने गुणा आणि निम्मी करा : ६.२५ गुणिले ३.६२५ = २२.६५६, निम्मे ११.३२८. झाले ११.३२८ गुंठे. टिंबापुढच्या ०.३२८ ला १६ ने गुणलं की सव्वापाच. म्हणजे ११ गुंठे सव्वापाच आणे.

इथे आणे पुन्हा आले, पण हे वेगळे आणे. लांबीचा आणा ६३ सेंटीमीटरचा; क्षेत्राचा आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा हिस्सा, ६८ चौरस फूट, साधारण ६.३२ चौरस मीटर. डोळ्यांसमोर असं आणा : एक गुंठ्याचा चौकोन, त्याच्या एका बाजूवर सोळा खुणा, आणि प्रत्येक खुणेतून समोरच्या बाजूपर्यंत एक पट्टी. लांबी पूर्ण साखळी, रुंदी एक आणा. अशी एक पट्टी म्हणजे क्षेत्राचा एक आणा. शब्द एकच असल्यामुळे फार गोंधळ होतो. कागदावर आणे दिसले की लांबीचे की क्षेत्राचे हे आधी विचारा.

सातबाऱ्याशी मेळ

वरचे ११.३२८ गुंठे सातबाऱ्यावर कसे दिसतील? एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. गुणून १,१४६ चौरस मीटर येतात. सातबाऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन भाग असतात. एक आर १०० चौरस मीटरचा, शंभर आरांचा हेक्टर. म्हणून हे ०.११.४६ असं लिहिलं जाईल.

गुंठा आणि आर एकच असं सर्रास म्हटलं जातं. व्यवहारात ते खपून जातं, पण ते एक नाहीत. आर १,०७६ चौरस फुटांचा, गुंठा १,०८९ चा. एका गुंठ्याला १३ चौरस फुटांचाच फरक, पण एकराला तो ५०४ चौरस फूट होतो, जवळजवळ अर्धा गुंठा. बाजारपेठेजवळ किंवा समुद्राकडच्या रस्त्याला लागून जमीन असेल तर अर्ध्या गुंठ्याची किंमत काय होते ते तुम्हाला माहीत आहे. खरेदीखतात ‘गुंठे’ लिहिलं आहे की ‘आर’, हे सही करण्याआधी बोट ठेवून वाचा.

आणि तीच टिंबाची चूक इथेही होते. जुन्या फेरफारात किंवा वाटपाच्या कागदात ०-१२ असेल तर ते शून्य एकर बारा गुंठे. त्याला ०.१२ एकर समजलात तर उरतात ४.८ गुंठे. सव्वासात गुंठे नुसत्या वाचण्यात गेले! आमच्या नात्यातल्या एका वाटपात असंच झालं होतं. सुदैवाने कागद फाईलमध्येच होता आणि चूक वेळेत धरली गेली.

क्षेत्र जुळवताना पोटखराबा विसरू नका. कातळ, नाला, वाट असा लागवडीला न येणारा भाग सातबाऱ्यावर वेगळा दाखवतात. टिपणाच्या आकड्यांवरून काढलेलं क्षेत्र हे सगळ्या तुकड्याचं असतं. लागवडीचं क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज करून मग ताडून बघा.

गावच्या नकाशावरचं अंतर

जुन्या गाव नकाशावर प्रमाण लिहिलेलं असतं. ‘१ इंच = २० साखळ्या’ असं असेल तर एक इंच म्हणजे ६६० फूट, म्हणजेच ८ इंचांना एक मैल. मीटरच्या पट्टीने मोजणार असाल तर नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ७९.२ मीटर.

किनाऱ्याच्या गावांत याचा एक रोजचा उपयोग आहे. घर बांधायचं म्हटलं की भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आतल्या बांधकामावरच्या निर्बंधांची गोष्ट निघते. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची, तेव्हापासून हा आकडा किनाऱ्यावर प्रत्येकाच्या तोंडी आहे. ५०० मीटर म्हणजे ४९ साखळ्या ११ आणे आणि वर थोडं. वीस साखळीच्या नकाशावर ते जेमतेम अडीच इंच भरतात. कंपासने अडीच इंच घेतले की आपला सर्व्हे नंबर आत येतो की बाहेर याचा पहिला अंदाज येतो. हा अंदाजच समजा. भरतीरेषा कुठे ते मंजूर किनारा आराखड्यावरून ठरतं, आणि गेल्या शतकात किनारा जिथे होता तिथे तो आज असेलच असंही नाही.

झेरॉक्सवर मोजण्याआधी नकाशावरची प्रमाणपट्टी मोजून घ्या. प्रत काढताना कागद लहान-मोठा झालेला असतो. पट्टीवरचा एक इंच खरंच एक इंच भरला तरच पुढे जा. नाहीतर जेवढा भरला त्या प्रमाणात हिशोब करा. मोबाईलवरून पाठवलेल्या फोटोवर तर मोजूच नका.

बिघा आणि काठी

इनामाच्या, देवस्थानाच्या किंवा खोताच्या (गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या) घरातल्या फार जुन्या कागदांत साखळी नसते. साखळी ही इंग्रजी अमदानीतली. मुंबई इलाख्याच्या नव्या महसूल मोजणीची सुरुवात १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात झाली, आणि रत्नागिरीच्या खोती गावांचा प्रश्न तर पुढे १८८० च्या खोती कायद्यापर्यंत चालला. त्याआधीचं माप काठीचं.

काठी म्हणजे पाच हात आणि पाच मुठी. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा. बिघ्याच्या विसाव्या पट्टीला पांड म्हणायचे. गुंठ्याची सोळावी पट्टी आणा, तसंच हे. १२० बिघ्यांचा चाहूर किंवा चावर. शिवकाळातल्या जमीनमोजणीचं वर्णन सभासद बखरीत आहे, तिथेही काठी पाच हात पाच मुठींचीच सांगितली आहे.

याचे मीटर करायला बसाल तर सांभाळून. हात दीड फूट आणि मूठ तीन इंच धरली तर काठी पावणेनऊ फुटांची होते, बिघा २८ गुंठ्यांचा. हात अर्ध्या इंचाने आणि मूठ एका इंचाने मोठी धरा, काठी साडेनऊ फुटांच्या जवळ जाते आणि बिघा ३२ गुंठ्यांवर. हाताच्या-मुठीच्या एवढ्याशा फरकाने चार गुंठे बदलले. हद्द ठरवायला म्हणून हे माप वापरू नका. कागदातला तुकडा आजचा कुठला असेल एवढं ओळखायला ते पुरेसं आहे, आणि तेवढ्यासाठी बिघा म्हणजे साधारण पाऊण एकर धरा.

म्हाताऱ्यांच्या तोंडून भाताच्या खाचराचं माप पेरणीच्या बियाण्यावरही ऐकाल, अमुक पायल्यांचं, तमुक मणाचं. त्याला मीटर नाही. ते माप जमिनीच्या कसाचं आणि पाण्याचं आहे. पण लिहून जरूर ठेवा, कारण त्यातून कुठलं खाचर कुठलं ते कळतं.

मोजून झाल्यावर

वहीत प्रत्येक बाजूला तीन आकडे असू द्या : जागेवर आलेले मीटर, त्याचे साखळी-आणे, आणि टिपणावरचे साखळी-आणे. आकडा लिहिताना मधे टिंब देऊ नका. ‘४ सा. ११ आ.’ असं पूर्ण लिहा. तुमच्या नंतर ही वही ज्याच्या हातात जाईल त्याने आणा पाहिलेला नसेल.

अर्ध्या आण्याच्या आतला फरक सोडून द्या. एखाद्याच बाजूला एक-दोन आण्यांचा फरक असेल तर आधी आपलं मोजणं परत तपासा, उतार आणि कोपरा दोन्ही. सगळ्याच बाजूंना एकाच प्रमाणात फरक येत असेल तर तुमची टेप ताणलेली किंवा तुटून पुन्हा जोडलेली असण्याची शक्यता मोठी. कापडी टेप असेल तर नक्की. आणि तरीही फरक उरला तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. घरच्या हिशोबाने शेजाऱ्याचा गडगा हलवता येत नाही आणि हलवूही नये. हा सगळा खटाटोप आपल्याला आपला कागद कळावा म्हणून, आणि मोजणीदार आला की त्याच्याशी नीट बोलता यावं म्हणून.

आमच्या तुकड्याच्या चारही बाजू नंतर शेजारच्या त्या मुलाने आणि मी मिळून मोजल्या. टेपचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे, ओळंबा त्याच्या बहिणीच्या हातात. तीन बाजू अर्ध्या आण्याच्या आत जुळल्या. चौथी पऱ्याकडची. कागदावर ३ साखळ्या ६ आणे, जागेवर ३२.०५ मीटर, म्हणजे ३ साखळ्या ३ आणे. दोनदा मोजलं, तेवढंच आलं. तीन आणे म्हणजे जवळजवळ एक मीटर नव्वद. तिथे आता खचलेला काठ आहे आणि अर्धं मूळ उघडं पडलेलं काजूचं झाड. त्या बाजूसाठी दोन्ही घरांनी मिळून मोजणीचा अर्ज केला आहे.